वातींच्या डब्यातल्या गोळ्या

माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते. बोर्डावर बसले की नंबरासाठी मला डायरी उघडावी लागायची नाही. आजही शेजारच्यांना गॅसवाल्याचा किंवा प्लंबरचा नंबर हवा असला, की मोबाइल चाचपण्याआधी ते मला विचारतात. या गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

म्हणूनच पुढचं वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. माझ्या जावयाने दवाखान्यात माझ्या सलाइनच्या नळीत समईतलं तेल ओतलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या अंगातला हिरवा गाऊन, तेलाचा वास, तो काय बोलला, सगळं मला आजही आठवतं. आणि यातलं काहीही घडलेलं नाही.

माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे लिहून काढा. आयसीयूबाहेरच्या बाकांवर बसलेल्या लोकांना वाचायला उपयोगी पडेल. त्या बाकांवर माझी मुलगी जवळजवळ दोन आठवडे बसली होती. तिला तेव्हा कोणी हे वाचायला दिलं असतं, तर घरातल्या बऱ्याच गोष्टी टळल्या असत्या.

फॉर्म

यजमान गेल्यावर डोंबिवलीजवळच्या कोपरचा आमचा फ्लॅट बंद करून मी अर्चनाकडे, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलीकडे, ठाण्याला राहायला आले. घर टेंभी नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. जावई नितीन लिफ्टच्या देखभालीचं काम करतात. ते कल्याणकडच्या एका गावातल्या जुन्या स्थानिक कुटुंबातले. आम्ही कोकणातले. या लग्नाला मी वर्षभर नाही म्हटलं होतं, मग हो म्हटलं, आणि तेव्हापासून त्यांच्याशी फार अदबीने वागत आले. नितीनराव, बसा. नितीनराव, जेवलात का. जावयाच्या हातून पाण्याचा पेलाही घ्यायचा नाही, अशा घरात मी वाढले. आता त्यांच्याच घरात राहायची वेळ आली, तेव्हा अदब आणखी वाढली.

नवरात्राच्या आठवडाभर आधी, पहाटे न्हाणीघरात माझा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला आणि नितीनराव माझ्या शेजारी स्टुलावर बसून उत्तरं सांगू लागले.

“चालू औषधं?”

“बीपीची, सकाळी एक,” नितीनराव म्हणाले. “अजून काय आहे का, आई?”

“नाही.”

“व्यसन? तंबाखू, मिशरी, दारू?”

दुखण्याने जीव कासावीस झाला होता, तरी मी मान उचलून म्हटलं, “आमच्या घराण्यात कोणाला नाही.”

नितीनराव हसले. “आमच्यात विचारू नका डॉक्टर, फॉर्म पुरायचा नाय.”

डॉक्टरने ‘नाही’ असं लिहिलं. मी त्याला लिहिताना पाहिलं.

अर्धी गोळी

एक्स्चेंजमध्ये पाळ्या असायच्या. कधी सकाळची, कधी दुपारची, आठवड्याला दोन वेळा रात्रीची. दिवसा घरी झोपायचं म्हणजे खाली भाजीवाला, वर कोणाचा तरी मिक्सर आणि दाराशी पोस्टमन. एकदा सलग तीन दिवस माझा डोळा लागला नव्हता. बाजूच्या बोर्डावरच्या मैत्रिणीने पर्समधून एक गोळी काढली, नखाने तिचे दोन तुकडे केले आणि अर्धा मला दिला. त्या दुपारी मी अशी झोपले, की अर्चना शाळेतून येऊन बेल वाजवून वाजवून शेजारी जाऊन बसली.

अर्धीची एक झाली. निवृत्तीनंतर पाळ्या संपल्या, गोळी संपली नाही. मग एकाच्या दोन झाल्या. सकाळी डोकं जड असायचं आणि पहाटे उठलं की भिंत धरावी लागायची. न्हाणीघरात पाय का सरकला, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. यजमानांना गोळी माहीत होती, पण त्यांनी कधी विषय काढला नाही.

ठाण्याला आल्यावर गोळ्या आणायचा प्रश्न आला. कोपरच्या औषधवाल्याकडे माझी जुनी चिठ्ठी होती, घडीवर फाटलेली. तो तिच्याकडे बघायचाही नाही, मला बघून गोळ्या द्यायचा. म्हणून दर महिन्याला “फ्लॅट झाडून येते” म्हणून मी कोपरला जायची. अर्चनाला वाटायचं, आईचा जीव जुन्या घरात अडकलाय. गोळ्यांची पाकिटं मी वातींच्या डब्यात ठेवायची, खाली पाकिटं आणि वर कापूस. मी वाती चांगल्या करते. नवरात्रात अखंड दिव्याला लागणारी लांब वात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका माझ्याकडून नेतात. त्या डब्याला दुसरं कोणी हात लावत नसे.

याला मी व्यसन मानत नव्हते. व्यसन म्हणजे गुत्त्यावर जाणं. ही तर औषधाच्या दुकानातली गोळी होती. पण औषधच होतं तर फॉर्मवर का सांगितलं नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. जावई शेजारी बसले होते.

कापूस चालत नाही

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे हात थरथरायला लागले. चहाची बशी वाजत होती. अंगाला घाम, छातीत धडधड, आणि डोळा मिटला की कोणी तरी ढकलल्यासारखी दचकून जाग. सिस्टर म्हणाली, अशक्तपणा आहे.

अशक्तपणा नव्हता. एकदा कोपरचं दुकान चार दिवस बंद असताना असंच झालं होतं. मी अर्चनाला जवळ बोलावलं.

“माझा वातींचा डबा आणून दे.”

“इथे?”

“घटस्थापना आलीये. बायका वाती मागतील.”

“आई, तुझं हाड मोडलंय. वाती कसल्या वळतेस?”

“आण म्हटलं ना.”

तिने सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, वॉर्डात कापूस चालत नाही, तंतू उडतात. अर्चना परत आली, माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मी सांगते सगळ्यांना, यंदा विकतच्या आणा.”

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. डब्यात गोळ्या आहेत. तीन शब्द. अर्चना एकटीच होती, जावई घरी गेले होते. तरी मी बोलले नाही, कूस बदलायचा प्रयत्न केला आणि दुखलं म्हणून ओरडले. यानंतरचं सरळ असं मला काही आठवत नाही.

मला जे आठवतं

आयसीयूत दिवस कधी मावळत नाही. ट्यूबलाइट जळत असते आणि यंत्रं टुक टुक करत असतात. त्या उजेडात मी कोपरच्या घरात होते. स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी माझी खाट होती. खिडकीतून रेल्वेचा पूल दिसत होता, पण पुलावर माणसं नव्हती. छतावरून मुंग्यांची रांग खाली सलाइनच्या बाटलीत उतरत होती. मी ओरडून सांगत होते, मुंग्या काढा, पण कोणाला ऐकू जात नव्हतं.

मग नितीन आला. अंगात हिरवा गाऊन, डोक्याला टोपी. हातात माझा डबा. त्याने तो उघडला आणि त्यातून तेलाची बुधली काढली. नळी हातात धरली आणि तेल ओतलं. तिळाच्या तेलाचा वास मला अजून येतो. तेल नळीतून खाली येताना दिसत होतं, पिवळं, सावकाश. मला हात हलवता येत नव्हते. तो वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, “आता झोपा, आई.”

मी मरणार, एवढंच मला कळलं. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, यजमान गेले तेव्हासुद्धा नाही.

घर

भानावर आले तेव्हा दसरा होऊन गेला होता. डॉक्टरीणबाई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, तुमच्या झोपेच्या गोळ्यांचं आम्हाला कळलंय. ती गोळी एकदम थांबली म्हणून तुम्हाला भ्रम झाला. आता ती पुन्हा सुरू केलीये. हळूहळू कमी करू, काही महिने लागतील.” मी लाजेने भिंतीकडे बघत राहिले. कसं कळलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

भ्रम झाला, हे मी ऐकलं. मुंग्या भ्रमात गेल्या, कोपरचं स्वयंपाकघरही गेलं. पण तेल गेलं नाही. ते मी पाहिलं होतं, आणि माझी स्मरणशक्ती चांगली होती. माझी स्वतःचीच मला इतकी खात्री होती.

घरी आल्यावर व्यवस्था अशी ठरली. अर्चना संध्याकाळी क्लासमध्ये शिकवते, तिला यायला साडेनऊ होतात. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची गोळी नितीनरावांनी द्यायची. ते ब्लेडने गोळी कापत, बशीत ठेवत आणि फुलपात्रात पाणी घेऊन खोलीच्या दारात उभे राहत.

“आई, गोळी.”

वॉकर धरून मी पलंगावर बसलेली. घरात आम्ही दोघंच. त्यांची पावलं पॅसेजमध्ये वाजली की मी वॉकर घट्ट धरायची. मी फुलपात्र घ्यायची, ओठांना लावायच्या आधी आत बघायची. पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का ते बघायची. हे मी असं करायची, की कोणाला कळू नये.

पहिले काही दिवस गोळी गिळली. मग एके दिवशी ती जिभेखाली धरली आणि ते गेल्यावर थुंकली. वीस-बावीस वर्षं जी गोळी चोरून घेतली, तीच आता चोरून टाकत होते. तुकडे उशीच्या अभ्र्यात जमा होत होते. अर्चनाला मी म्हटलं, “मला कोपरला जाऊ दे. बाई ठेवून राहीन.” ती म्हणाली, “आई, तुला संडासला धरून न्यावं लागतं.” मी म्हटलं, “तरी जाऊ दे.” तिला कारण हवं होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. मुलीला काय सांगायचं, तुझा नवरा मला मारणार आहे?

तिसऱ्या दिवशी हात पुन्हा थरथरायला लागले.

अर्चना

रविवारी सकाळी तिने चादर बदलायला घेतली. अभ्रा झटकला तसे गोळ्यांचे तुकडे फरशीवर सांडले. ती ते बघत राहिली. मग माझ्या हातांकडे बघितलं.

“तुला परत त्या आयसीयूत जायचंय का?” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

“त्याच्या हातची गोळी मी घेणार नाही.”

“का?”

“त्याने माझ्या सलाइनमध्ये तेल घातलं.”

तिने हातातला अभ्रा खाली ठेवला. मला वाटलं रडेल. पण ती चिडली, आणि माझी मुलगी चिडते तेव्हा माझ्यासारखीच दिसते.

“मी ठरवलेलं, तुला कधी सांगायचं नाही,” ती म्हणाली. “पण आता ऐक. तू त्याला सगळ्या आयसीयूसमोर खुनी म्हणालीस. तुझ्या फ्लॅटवर डोळा आहे म्हणालीस. त्याच्या बापाने जमिनी विकून खाल्ल्या, आता हा सासूचं घर खाणार, असं ओरडलीस. त्याची आई समोर उभी होती गं, माझ्यासाठी डबा घेऊन आलेली.”

“मी असं बोलणार नाही.”

“बोललीस. दोन दिवस बोललीस.”

मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. जे झालं नाही ते मला लख्ख आठवत होतं आणि जे मी सगळ्यांच्या देखत केलं, त्याचा माझ्या डोक्यात पत्ताच नव्हता. एक्स्चेंजमध्ये क्रॉस कनेक्शन व्हायचं तेव्हा दोन परक्या माणसांचं बोलणं एकमेकांत मिसळायचं आणि दोघंही शपथेवर सांगायचे, की समोरचाच चुकीचं बोलतोय. तेव्हा मी हसायची.

“आणि गोळ्यांचं कोणी सांगितलं, माहितीये? त्यानेच.”

मग तिने सांगितलं. डॉक्टर सगळ्या तपासण्या करून थकले होते. रक्तातलं मीठ बघितलं, जंतुसंसर्ग बघितला, डोक्याचा फोटो काढला. पुन्हा पुन्हा विचारत होते, काही गोळ्या, काही सवय? अर्चना दर वेळी सांगत होती, माझी आई तसली नाही. त्यात घटस्थापनेचा दिवस आला. नितीनची आई त्याला म्हणाली, विहीणबाईंचा घट यंदा चुकू नये, तू घरी जाऊन बसव. ज्या बाईने आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याचा उद्धार केला होता, तिचा घट. अर्चनाने सासूची माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “दुखन्यातला बोलना मनाव नाय घेवाचा, पोरी.”

नितीन घरी गेला, आंघोळ केली, माती आणि धान्य मांडलं. अखंड दिव्याला लांब वात हवी म्हणून माझा डबा उघडला. कापूस उचलला तर खाली पाकिटं, काही भरलेली, काही रिकामी. त्याने आधी दिवा लावला. मग तोच डबा काखेत मारून, नवरात्राच्या गर्दीतून टेंभी नाक्याहून जवळजवळ धावत दवाखान्यात आला आणि डबा डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला.

“मी त्याच्याशी भांडले,” अर्चना म्हणाली. “माझ्या आईला सगळ्यांसमोर व्यसनी ठरवतोस म्हणून. दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. डबा आणला त्याच दुपारी डॉक्टरांनी तुला नळीतून औषध दिलं. तो तिथेच उभा होता, हातात डबा, कारण ठेवायला जागा नव्हती. गाऊन घालायला लावतात ना आत. तुला म्हणाला, आता झोपा, आई. आणि चार दिवसांनी पहिल्यांदा तू झोपलीस.”

दारात हालचाल झाली. नितीनराव उभे होते, किती वेळ ते मला ठाऊक नाही.

“अर्चना, राहू दे ना आता,” ते म्हणाले.

मी रडले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

बापाचं

पुढच्या दोन दिवसांत मी त्यांची माफी मागितली. वाक्यं जुळवून ठेवली होती, ऐनवेळी एकही आलं नाही. “नितीनराव, मी जे काही,” एवढंच म्हणाले.

ते पंख्याचं बटण दुरुस्त करत होते. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, “आई, एक सांगू? तुम्ही पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. नाहीतर अहो नितीनराव, अहो नितीनराव. शिव्या वगळल्या तर बरं वाटलं.”

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

“पण बापाचं काढलं ना तुम्ही, ते लागलं. आमची जमीन बापाने विकली नाय. सरकारी संपादनात गेली ती. त्यानंतर तो माणूस दारातच बसून असायचा. भ्रमात बोललात, मला माहितीये. पण ते कुठून तरी आलं असेल ना?”

ते कुठून आलं, मला ठाऊक होतं. लग्नाला वर्षभर नाही म्हणत होते, तेव्हा असलीच वाक्यं मी यजमानांजवळ बोलले होते. भ्रमाने माझ्या तोंडी नवं काही घातलं नव्हतं. मी खाली बघून म्हटलं, “चुकले मी.” ते म्हणाले, “हं,” आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

चतकोर

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, उशीतल्या गोळ्यांसकट. त्या रागावल्या नाहीत. मी विचारलं, “आता खरं काय ते कळलंय. मग ते तेल अजून का दिसतं?”

“दिसणारच,” त्या म्हणाल्या. “आठवण काही फोटो नसते. तुमच्या मेंदूने त्या दिवशी जे हाताला लागलं त्यातून ती बनवली. डबा खरा, गाऊन खरा, आवाज खरा, भीती तर सगळ्यात खरी. ती खोटी आहे हे कळल्याने पुसली जात नाही. कदाचित कधीच जाणार नाही. रोजचं जगणं तिच्यापेक्षा मोठं होऊ द्या.”

मग गोळी पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा कमी होऊ लागली. दीड, सव्वा, एक, पाऊण. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे. हे कोणी सोपं आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दर वेळी तुकडा लहान झाला की आठवडाभर झोप उडायची, भांड्याच्या आवाजाने अंगावर काटा यायचा, आणि झोप लागलीच तर इतकी ठळक स्वप्नं पडायची की उठल्यावर मी अर्चनाला एक एक गोष्ट विचारून खात्री करून घ्यायची. काल मावशी आली होती का? नाही. दूध नासलं होतं का? हो. असं आमचं रोजचं चालायचं. माझ्यासारख्या बाईला हे विचारणं किती जड गेलं असेल, ते माझ्या बोर्डावरच्या मैत्रिणींनाच कळेल.

एक विनवणी मात्र इथेच करते. तुमच्या घरात अशी गोळी चालू असेल, तर ती एकदम बंद करू नका आणि दवाखान्यात लपवू नका. फॉर्म भरताना जावई, सून, शेजारी, कोणीही बाजूला बसलेलं असो.

नितीनराव रोज गोळी आणत होते. मी आता ती गिळत होते. पण त्यांची पावलं वाजली की मी वॉकर घट्ट धरायचीच. कळून उपयोग नव्हता. डोकं म्हणायचं हा माणूस तुझ्यासाठी धावला, आणि हात फुलपात्र घेताना आखडायचा. आणि मी बघायची. रोज. ओठांपाशी नेऊन, मान किंचित वाकवून, पाण्यावर एक नजर. त्याची मला इतकी शरम वाटायची, की एकदा मी डोळे मिटून प्यायचा प्रयत्न केला तर ठसकाच लागला. या माणसाला माझी ही नजर दिसली तर, या विचाराने मी घाबरायची. बापाचं काढलेलं त्याने गिळलं होतं. हेही गिळावं लागलं तर मी या घरात कोणत्या तोंडाने राहणार होते?

मधे कधी तरी स्टीलच्या फुलपात्राऐवजी काचेचा ग्लास येऊ लागला. अर्चनाने नवे आणले असतील, असं मला वाटलं. काचेतून एका नजरेत दिसायचं, मान वाकवावी लागायची नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

पाऊणची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. चतकोर म्हणजे ब्लेडला चिकटलेला चुरा. मग एक दिवसाआड. होळी झाली, उकाडा सुरू झाला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता थांबवू.

नुसतं पाणी

गोळी कायमची बंद झाल्याच्या पहिल्याच दिवशी, जेवण झाल्यावर, पॅसेजमध्ये पावलं वाजली. नितीनराव दारात उभे, हातात ग्लास.

“गोळी नाय आज,” ते म्हणाले. “सवयीने पाणी घेऊन आलो.”

“आणलंत तर बसा,” मी म्हटलं. मला त्यांना काही तरी सांगायचंच होतं. दुपारी चौथ्या मजल्यावरची बाई इलेक्ट्रिशियनचा नंबर विचारायला आली होती आणि मला तो आठवला होता, दहाच्या दहा आकडे, न अडखळता. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी तिच्याकडून तो फोन लावून पडताळूनही घेतला होता. हे सांगता सांगता मी ग्लास घेतला, प्यायले, तोंड पुसलं आणि पुढचं सांगू लागले.

ते ऐकत होते. रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि उठले. दाराशी जाऊन थांबले.

“आई, आज ग्लासात बघितलं नाय तुम्ही.”

माझं बोलणं तिथेच राहिलं. मी विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“दवाखान्यातून आलात त्या दिवसापासून.” त्यांनी ग्लास उजेडात धरून उगाच बघितला. “फुलपात्रात तुम्हाला वाकून बघायला लागायचं. मान दुखत असेल, म्हणून हे काचेचे आणले.”

ते थांबले नाहीत. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आणि ग्लास विसळल्याचा आवाज आला.

ती हिरव्या गाऊनची आठवण अजून आहे. तेलाचा वासही आहे. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी पलंगावरूनच हाक मारली, “नितीन, पाणी आण रे.” पाणी स्टीलच्या फुलपात्रात आलं. मी ते प्यायले.